पहिल्या फेरीतली माघार

आकुर्डी म्हटले की एका पिढीच्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचा तो कारखाना, पाळी सुटल्यावर फाटकातून लोटणारी कामगारांची गर्दी आणि त्यातून बाहेर पडलेल्या, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत साऱ्या देशभर पसरलेल्या दुचाक्या. पिंपरी-चिंचवड-चाकण या पट्ट्याइतकी वाहने देशात फार थोड्या ठिकाणी तयार होत असतील. तरीही ‘शर्यत’ हा शब्द या गावाच्या नावाशी कधी जोडला गेला नाही. जिथे वाहन जन्मते तिथे शर्यतही जन्मावी, असा युरोपचा आणि जपानचा अनुभव आहे. आपल्याकडे तसे का झाले नाही, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या उत्तरातून अपयशाकडे पाहण्याची आपली रीत उलगडते.

१९५९ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी बजाज कंपनीला दुचाकी-तिचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओशी करार झाला आणि १९६१ मध्ये आकुर्डीत व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या. त्याच १९५९ मध्ये सोइचिरो होंडा यांच्या कंपनीने आपल्या छोट्या मोटारसायकली प्रथमच आइल ऑफ मॅनच्या जगप्रसिद्ध शर्यतीत उतरवल्या. तिथे जाऊन जिंकण्याची घोषणा होंडांनी पाच वर्षे आधीच केली होती. प्रत्यक्षात पदरी पडला १२५ सीसी गटातला सहावा क्रमांक आणि सांघिक पारितोषिक. जिंकण्याच्या भाषेत ते अपयशच होते. पण त्या अपयशाचा हिशेब कारखान्यात मांडला गेला, इंजिने नव्याने आखली गेली, आणि १९६१ मध्ये त्याच बेटावर होंडाने १२५ आणि २५० सीसी अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. आकुर्डीची पहिली स्कूटर आणि होंडाचा तिथला पहिला विजय एकाच वर्षातले आहेत.

ही तुलना आकुर्डीला हिणवण्यासाठी केलेली नाही. होंडाला शर्यतीची गरज होती, कारण अनोळखी गिऱ्हाइकापुढे आपले यंत्र सिद्ध करायचे होते. मोटारींच्या शर्यती मुळात याच गरजेतून निघाल्या. १८९४ ची पॅरिस-रुआँ ही चाचणी एका वृत्तपत्राने भरवली, ती घोड्याविना चालणारी गाडी भरवशाची आहे की नाही हे लोकांना दिसावे म्हणून. आकुर्डीपुढे हा प्रश्नच नव्हता. उत्पादन किती करायचे हे परवान्याने ठरलेले, मागणी त्याच्या कितीतरी पट. स्कूटरसाठी नाव नोंदवून आठ-दहा वर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातला नातेवाईक शोधला जाई. ज्या मालासाठी गिऱ्हाईक दहा वर्षे रांगेत उभे आहे, त्याने कुणाला शर्यतीत हरवून दाखवायचे, आणि कशासाठी?

शर्यत म्हणजे चारचौघांत नापास होण्याची तयारी. खुल्या बाजारातला कारखाना ती जोखीम पत्करतो, कारण उद्याच्या विक्रीत तिची भरपाई होते. बंद बाजारात तशी भरपाई संभवत नाही. म्हणून आपल्याकडे शर्यत उरली ती हौशी माणसांच्या हाती. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर जमणारी मंडळी ही अशीच होती. पदरमोड करणारी, स्वतःची गाडी स्वतःच खोलून पुन्हा जोडणारी. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. शर्यतीतल्या हौसेला मात्र अगदी काटेकोर मोल असते. टायर, पेट्रोल, गाडीची वाहतूक, प्रवेशशुल्क आणि मोडलेले हाड, या सगळ्याची किंमत ज्याची त्याने मोजायची.

मोसमाच्या पहिल्या फेरीत हे मोल सर्वांत उघडे पडते. कारखान्याचा संघ पहिल्या फेरीकडे चाचणी म्हणून पाहू शकतो. काही बिघडले तर दुसरे इंजिन आहे, पुढच्या फेऱ्या आहेत. एकट्या स्पर्धकाने वर्षभराची पुंजी त्या एका आठवड्यात ओतलेली असते. गाडी नवी, अंगाला सवय नाही, चुका दाखवून देणारे जवळ कुणी नाही. त्याची पहिली फेरी बऱ्याचदा शेवटचीही ठरते.

एप्रिल २०१३ मध्ये बंगळूरचा सी. एस. संतोष अशाच एका पहिल्या फेरीला उभा राहिला. मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमध्ये देशात त्याने नाव मिळवले होते. पण जागतिक क्रॉसकंट्री मालिकेत तो पूर्ण नवखा होता. मालिकेची सुरुवात होती अबुधाबीच्या वाळवंटी शर्यतीने, लिवाच्या प्रचंड वाळूच्या टेकड्यांतून. असल्या शर्यतीत आखलेली वाट नसते. हँडलवरच्या चौकटीत कागदाची गुंडाळी असते, तिच्यावरच्या खुणा वाचत, वेग न सोडता दिशा धरायची असते. स्वाराच्या मांड्यांभोवतीच्या टाक्यांत तीस लिटरच्या आसपास पेट्रोल असते. त्या शर्यतीत संतोषच्या मोटारसायकलीने पेट घेतला. त्याच्या मानेला भाजले आणि मोसम सुरू होता होताच त्याच्यापुरता थांबला.

आपल्याकडे क्रीडालेखनात अशा ठिकाणी ‘जिद्द’ हा शब्द हजर होतो आणि पुढचे सगळे त्याच्यावर सोपवले जाते. वस्तुस्थिती इतकी सोपी नसते. जळालेल्या गाडीनंतर लागते ती दुसरी गाडी, दुसरा पैसा आणि वाळू वाचण्याची विद्या. जिद्द म्हणजे या तीन गोष्टी पुन्हा जमवण्याचा कंटाळवाणा उद्योग. संतोषने तो केला. जानेवारी २०१५ मध्ये अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हियातून गेलेल्या डकार रॅलीत तो उतरला आणि छत्तिसावा आला. डकारची शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. शर्यत हाच त्याचा पेशा असल्याने तो काटेकोर अर्थाने हौशी नव्हे. पण कोणत्याही कारखान्याच्या अधिकृत संघाचे छत्र त्याच्यावर नव्हते. त्या रांगेत तो हौशी स्वारांबरोबरच उभा होता.

त्या वेळी त्याच्याखाली होती केटीएमची नारिंगी मोटारसायकल, आणि इथे आकुर्डी पुन्हा कथेत येते. २००७ हे या गावाच्या इतिहासातले विलक्षण वर्ष. सप्टेंबरात आकुर्डीच्या कारखान्यातले दुचाकींचे उत्पादन थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेनच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के भाग विकत घेतला. हा वाटा पुढे वाढत गेला आणि चाकणमध्ये केटीएमच्या लहान मोटारसायकली तयार होऊ लागल्या. ज्या घराने कधी शर्यतीची गरज मानली नव्हती, त्याने शर्यतीवरच पोसलेल्या घराशी सोयरीक केली.

त्या घराची वंशावळ अपयशांची आहे. १९९१ मध्ये केटीएमचे दिवाळे निघाले होते. तिचा जगज्जेता मोटोक्रॉसपटू हाइन्झ किनिगाडनर डकारमध्ये पुन्हा पुन्हा उतरला आणि एकदाही शेवटापर्यंत पोचला नाही. २००१ मध्ये इटलीच्या फाब्रित्सिओ मेओनीने केटीएमला तिथला पहिला विजय मिळवून दिला. त्यानंतर २०१९ पर्यंत मोटारसायकल गटात दुसऱ्या कुणाला जिंकता आले नाही. २००८ ची शर्यत रद्द झाली, ती सोडली तर सलग अठरा विजय. मात्र मेओनी स्वतः २००५ च्या डकारमध्ये मरण पावला, हेही त्याच पानावर लिहायला हवे. खुद्द डकारचा जन्मही एका माघारीतून झाला. १९७७ मध्ये तिएरी साबीन हा फ्रेंच स्वार एका शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, कसाबसा वाचला आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्याने पॅरिस-डकार सुरू केली. २०२२ पासून तीच डकार जागतिक रॅली-रेड मालिकेची पहिली फेरी ठरली आहे.

संतोषची कथा विजयाच्या शिखरावर संपत नाही. पुढे तो हीरोच्या अधिकृत संघात गेला. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात, डकारच्या चौथ्या टप्प्यात तो जबर जखमी झाला आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. तो वाचला. अशा माणसांचे कौतुक करताना हा हिशेब लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण म्हणून ती वाट ओस पडलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याचे संजय टकले यांनी जुन्या बनावटीच्या मोटारींसाठी असलेली डकार क्लासिक लँड क्रूझरमधून पूर्ण केली. या प्रकारात वेगाला महत्त्व नसते. ठरवून दिलेली सरासरी गती वाळूतही राखायची असते. मोटारसायकलपासून सुरुवात करून दशकानुदशके शर्यतीत टिकलेल्या माणसाला शोभावी अशीच ही परीक्षा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमवर पुन्हा दिवाळखोरीची पाळी आली. कारखाना न्यायालयाच्या देखरेखीखाली असतानाच, दीड-दोन महिन्यांत, ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल सँडर्सने केटीएमवरून डकार जिंकली. २०२५ मध्ये आकुर्डीहून सुमारे ८० कोटी युरोंची तजवीज झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीचे नियंत्रण बजाजकडे आले. तोवर आकुर्डीच्या जुन्या आवारातही चाके पुन्हा फिरू लागली होती. २०२२ पासून तिथे विजेवर चालणारी चेतक तयार होते.

ज्या गावाला १९५९ मध्ये हरण्याची गरज नव्हती, त्याच्या हाती आता हरत हरत शिकलेला कारखाना आला आहे. ताळेबंद सावरताना सर्वांत आधी कात्री लागते ती शर्यतीच्या खर्चाला, हा जगभरचा अनुभव. त्या खर्चात लिहिलेली असतात ती पहिल्या फेरीतली अपयशेच: होंडाचा सहावा क्रमांक, किनिगाडनरची अर्धवट राहिलेली डकार. कारखान्याने ती वहीत मांडली तर तिला संशोधन म्हणतात. संतोषसारख्या एकट्या स्वाराने स्वतःच्या मानेवर सोसली तर तिला आपण जिद्द म्हणतो आणि टाळ्या वाजवून मोकळे होतो. टाळ्या वाजवायला पैसे पडत नाहीत. आकुर्डीची खरी शर्यत आता कुठे सुरू होते आहे, आणि तिच्या पहिल्या फेरीत हरण्याचा खर्च कोण उचलणार, यावर पुढचे बरेच काही ठरेल.