पत्ता पदाचा, माणसाचा नव्हे

नाना फडणवीसांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. फडणिशी घराण्यात चालत आली आणि पदच त्यांची ओळख होऊन बसलं. ईमेलच्या इतिहासात मात्र उलटी गरज निर्माण झाली. माणूस बदलला तरी पदाचा पत्ता तोच राहायला हवा होता.

ऑगस्ट १९८२ मध्ये निघालेल्या आरएफसी ८२२ या नियमपत्रकानं ठरवलं, की ईमेल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' हा पत्ता असलाच पाहिजे. तिथे कोण बसतं, हे बाहेरच्याला ठाऊक असायची गरज नाही. पुढच्या वर्षी एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा प्रोग्रॅम बर्कलीच्या युनिक्ससोबत बाहेर पडला. त्यात 'अलायसेस' नावाची साधी फाइल असे. अलायस म्हणजे टोपणनाव. प्रत्येक ओळीत डावीकडे पदाचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, आणि उजवीकडे ज्यांना पत्र पोचवायचं त्यांचे खरे पत्ते.

भारतात १९८६ मध्ये एर्नेटचं काम सुरू झालं, पण ते शिक्षण-संशोधन संस्थांपुरतं होतं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. आपण तेव्हा दहावीत होतो.

पुढे इंजिनिअरिंगला असताना विद्यार्थी मंडळाच्या मेल सर्व्हरवरची ही फाइल दोन वर्षं माझ्याकडे होती. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, शिवाय 'समिती' हा सगळ्यांना मिळून एक पत्ता. दर जुलैत नवी मंडळी आली की उजवी बाजू बदलायची, डावीला हात लावायचा नाही. मग 'न्यूअलायसेस' ही आज्ञा द्यायची, कारण त्याशिवाय बदल लागू होत नसे. काम दहा मिनिटांचं. पण प्रायोजकानं गेल्या वर्षीच्या पत्त्यावर लिहिलेलं पत्र यंदाच्या चिटणिसाला मिळे, ते त्या दहा मिनिटांमुळेच. एक पथ्य मी पाळत असे: उजवीकडे नेहमी दोन नावं. एकाची पेटी भरली, किंवा तो परीक्षेत बुडाला, तरी पत्र अडकत नाही.

आपल्या बॅचचा पत्रव्यवहार मात्र एका मैत्रिणीच्या ऑफिसच्या पत्त्यावर चालत होता. तिनं नोकरी बदलली, पत्ता बंद झाला आणि आपल्या एका बाईंनी पाठवलेलं पत्र परत गेलं. बाईंना वाटलं, मुलं विसरली. कुणीच विसरलं नव्हतं. तो पत्ता एका माणसाचा होता, इतकंच.

म्हणून या संमेलनात एक गोष्ट करू या. बॅचच्या नावाचा कायमचा पत्ता घेऊ, त्यामागे दोघांना नेमू आणि दर संमेलनाला ती दोन नावं सर्वांसमोर वाचून बदलू. सर आणि बाईंना मग एकच पत्ता लक्षात ठेवावा लागेल. पलीकडे आपल्यापैकी कुणीतरी ते पत्र वाचत असेल.