क्रायस्लर अल्ट्राड्राइव्ह

अल्ट्राड्राइव्ह हे क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने १९८९ च्या मॉडेल वर्षापासून वापरात आणलेले, चार गिअरचे व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले स्वयंचलित ट्रान्समिशन आहे. त्याचा मूळ क्रमांक ए६०४ असा होता. पुढे ते ४१टीई या नावाने ओळखले जाऊ लागले. या नावातील ४ हा अंक गिअरची संख्या, १ हा अंक टॉर्क पेलण्याच्या क्षमतेची श्रेणी, टी हे अक्षर इंजिनाची आडवी मांडणी आणि ई हे अक्षर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दर्शवते. डॉज कॅरॅव्हॅन, प्लिमथ व्हॉयेजर आणि क्रायस्लर टाउन अँड कंट्री या कौटुंबिक मिनीव्हॅनमध्ये झालेल्या बिघाडांमुळे हे ट्रान्समिशन विशेष चर्चेत आले. त्यांपैकी काही बिघाड यांत्रिक दोषांमुळे झाले, तर काहींच्या मुळाशी चुकीचे ऑइल किंवा चुकीचे निदान होते.

पार्श्वभूमी

क्रायस्लरने नोव्हेंबर १९८३ मध्ये डॉज कॅरॅव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर या मिनीव्हॅन बाजारात आणल्या. त्या वेळी ली आयकोका हे कंपनीचे अध्यक्ष होते. सात जणांची बसण्याची सोय, सपाट तळ, सरकता दरवाजा आणि पुढच्या चाकांना मिळणारी शक्ती यांमुळे ही वाहने अमेरिकी कुटुंबांत लोकप्रिय झाली. सुरुवातीच्या मिनीव्हॅनमध्ये स्वयंचलित पर्याय म्हणून तीन गिअरचे टॉर्कफ्लाइट ट्रान्समिशन वापरले जाई. ते टिकाऊ मानले जात असे. परंतु त्यात ओव्हरड्राइव्ह गिअर नसल्याने महामार्गावर इंजिनाचे फेरे अधिक राहत आणि इंधन जास्त लागे. वाहनाचे वजन व इंजिनाची शक्ती वाढत गेली, तशी चौथ्या गिअरची गरज अधिक जाणवू लागली. ती भागवण्यासाठी अल्ट्राड्राइव्ह विकसित करण्यात आले. त्याचे उत्पादन इंडियाना राज्यातील कोकोमो येथे होत असे.

रचना व कार्यपद्धती

जुन्या स्वयंचलित ट्रान्समिशनमध्ये गिअर बदलण्यासाठी पोलादी पट्टे आणि एकाच दिशेने फिरणारे क्लच वापरले जात. अल्ट्राड्राइव्हमध्ये हे दोन्ही घटक वगळण्यात आले. दोन ग्रहीय गिअरसंच आणि ऑइलच्या दाबावर चालणारे पाच क्लच यांवर त्याचे कार्य चालते. कोणत्याही गिअरमध्ये यांपैकी दोन क्लच एकाच वेळी जोडलेले असतात:

पहिला गिअर (गुणोत्तर २.८४): अंडरड्राइव्ह व लो-रिव्हर्स क्लच
दुसरा गिअर (१.५७): अंडरड्राइव्ह व २-४ क्लच
तिसरा गिअर (१.००): अंडरड्राइव्ह व ओव्हरड्राइव्ह क्लच
चौथा गिअर (०.६९): ओव्हरड्राइव्ह व २-४ क्लच
रिव्हर्स गिअर (२.२१): रिव्हर्स व लो-रिव्हर्स क्लच

गिअर बदलताना एक क्लच सुटणे आणि दुसरा जोडला जाणे या क्रिया अचूक मेळाने घडाव्या लागतात. दुसरा क्लच लवकर जोडला गेल्यास दोन क्लच परस्परांविरुद्ध काम करून झटका बसतो, तर उशिरा जोडला गेल्यास इंजिनाचे फेरे क्षणभर विनाकारण वाढतात. हा मेळ साधण्याचे काम ट्रान्समिशनचा नियंत्रक संगणक करतो. आत येणारा व बाहेर जाणारा वेग मोजणाऱ्या दोन सेन्सरकडून मिळणाऱ्या माहितीनुसार तो सॉलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो व बंद करतो. प्रत्येक क्लच भरण्यासाठी किती ऑइल लागते याची तो सतत नोंद ठेवतो आणि क्लचप्लेटची झीज होत जाईल तसे आपले नियंत्रण बदलतो. या अनुकूलनक्षमतेमुळे झिजलेले ट्रान्समिशनही काही काळ सुरळीत चालल्यासारखे भासते.

लिंप-इन स्थिती

नियंत्रकास गंभीर दोष आढळल्यास तो सॉलेनॉइडांचा वीजपुरवठा तोडतो. वीजपुरवठा नसताना ट्रान्समिशन आपोआप दुसऱ्या गिअरमध्ये राहील अशी ऑइलमार्गांची रचना आहे. पार्क, रिव्हर्स व न्यूट्रल या स्थिती तेव्हाही उपलब्ध असतात. वाहन रस्त्यातच बंद पडू नये, चालकाला ते कमी वेगाने गॅरेजपर्यंत नेता यावे, हा या व्यवस्थेचा उद्देश आहे.

इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर नियंत्रक नव्याने तपासणी करतो. दोष त्या क्षणी आढळला नाही, तर वाहन पूर्ववत चालू लागते. सैल झालेल्या विद्युत जोडणीसारख्या अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषांत ही घटना वारंवार घडते. लिंप-इन ही संरक्षक व्यवस्था असली, तरी अचानक दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेले वाहन पाहून पूर्ण ट्रान्समिशन निकामी झाल्याचा समज सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात वेगमापक सेन्सर किंवा त्याची जोडणी यांसारखा किरकोळ खर्चाचा भाग बिघडल्यानेही ही स्थिती उद्भवते.

बिघाडांची लक्षणे व कारणे

पार्कमधून ड्राइव्ह किंवा रिव्हर्समध्ये नेताना गिअर उशिरा पडणे, गिअर बदलताना जोराचा झटका बसणे, क्लच घसरणे, ठरावीक वेगाला वाहन थरथरणे आणि ऑइलला जळका वास येणे ही बिघाडाची प्रमुख लक्षणे आहेत. त्यांची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात.

विद्युत कारणांमध्ये वेगमापक सेन्सर, सॉलेनॉइडसंच, रिले व तारांच्या जोडण्या यांचे दोष येतात. ऑइलच्या दाबाशी संबंधित कारणांमध्ये कडक झालेले सील, झिजलेला पंप आणि व्हॉल्व्ह बॉडीतील अडथळे यांचा समावेश होतो. सील गळू लागल्यास क्लचवर पुरेसा दाब पडत नाही. क्लच घसरतो, घसरण्यामुळे उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने क्लचप्लेट जळतात. तिसरा प्रकार यांत्रिक मोडतोडीचा आहे. यात डिफरन्शियलमधील पिन जागेवरून सरकून ट्रान्समिशनचे आवरण फोडण्याची शक्यता असते. बर्फावर किंवा चिखलात एकच चाक दीर्घकाळ गरगर फिरल्यास या पिनवर विशेष ताण येतो.

मिनीव्हॅनच्या वापराचे स्वरूपही महत्त्वाचे ठरते. सुमारे दीड टन किंवा त्याहून अधिक वजनाचे वाहन, त्यात पूर्ण कुटुंब व सामान, शहरातील सततची थांबाथांब आणि काही वेळा मागे जोडलेला ट्रेलर यांमुळे ऑइल अधिक तापते. तापलेल्या ऑइलचे गुणधर्म लवकर नष्ट होतात आणि सीलही कडक होतात.

ऑइलची निवड

अल्ट्राड्राइव्हची रचना क्रायस्लरच्या ७१७६ या विनिर्देशाच्या ऑइलसाठी करण्यात आली होती. या मालिकेतील पुढचे ऑइल एटीएफ+३ या नावाने ओळखले जाते. जनरल मोटर्सच्या विनिर्देशाचे डेक्सरॉन ऑइल मात्र बाजारात सर्वत्र मिळत असे. सुरुवातीच्या वर्षांत उत्पादकाच्या सूचनांमध्येच ७१७६ ऑइल उपलब्ध नसल्यास डेक्सरॉन चालेल असे नमूद होते. दोन्ही ऑइलांचे घर्षणविषयक गुणधर्म वेगळे असल्याने क्लच व टॉर्क कन्व्हर्टर यांचे जोडले जाणे बिघडे आणि थरथर सुरू होई. परिणामी सूचनांचे पालन करणाऱ्या वाहनमालकालाही नुकसान सोसावे लागण्याची शक्यता निर्माण झाली.

चुकीचे ऑइल एकदा भरल्यावर ते पूर्णपणे काढणे सोपे नसते. ट्रान्समिशनमध्ये एकूण सुमारे ८.६ लिटर ऑइल मावते. परंतु तळाचे भांडे उघडून सुमारे ३.८ लिटरच निघते. उरलेले ऑइल टॉर्क कन्व्हर्टर, क्लच व शीतक नलिकांत राहते. म्हणून एका बदलानंतरही निम्म्याहून अधिक जुने ऑइल मिश्रणात शिल्लक असते. पुढे कंपनीने अधिक काळ गुणधर्म टिकवणारे एटीएफ+४ हे कृत्रिम ऑइल आणले. ते अल्ट्राड्राइव्हच्या जुन्या आवृत्त्यांतही वापरता येते.

निदान

ट्रान्समिशन उघडण्यापूर्वी ऑइलची पातळी, रंग व वास तपासणे ही पहिली पायरी होय. पातळी पाहताना ट्रान्समिशन गरम झालेले, इंजिन सुरू आणि वाहन सपाट जागी पार्क स्थितीत असावे लागते. त्यानंतर नियंत्रकातील दोषसंकेत स्कॅनरने वाचले जातात. १९९६ व त्यापुढील अमेरिकी मॉडेलांत पी०७०० हा संकेत ट्रान्समिशनच्या नियंत्रकाने दोष नोंदवल्याचे फक्त सूचित करतो; नेमका दोष त्यातून कळत नाही. त्यासाठी ट्रान्समिशन नियंत्रकाशी संवाद साधू शकणारा स्कॅनर आवश्यक असतो. पी०७३१ ते पी०७३४ हे संकेत अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरच्या गुणोत्तरातील चूक दर्शवतात.

नियंत्रकाने नोंदवलेले क्लचचे आकारमानही स्कॅनरवर पाहता येते. एखाद्या क्लचचा आकडा मर्यादेपलीकडे वाढला असल्यास त्याच्या प्लेट झिजल्याचे अनुमान काढता येते. वरील कोष्टकाचाही निदानात उपयोग होतो. उदाहरणार्थ, पहिला व तिसरा गिअर व्यवस्थित असून दुसरा आणि चौथा घसरत असल्यास संशय २-४ क्लचवर जातो. कारण दोन्ही गिअरमध्ये समान असलेला क्लच तोच आहे.

दुरुस्ती

सेन्सर व सॉलेनॉइडसंच ट्रान्समिशन वाहनातून न उतरवता बदलता येतात. क्लचप्लेट जळल्या असल्यास किंवा आवरण फुटले असल्यास मात्र ट्रान्समिशन उतरवून त्याची पुनर्बांधणी करावी लागते. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर बदलणे आणि शीतक नलिका धुऊन घेणे आवश्यक असते, अन्यथा त्यांत साचलेले धातूचे कण नव्या भागांत शिरतात. पुनर्बांधणीनंतर स्कॅनरच्या साहाय्याने नियंत्रकाला नव्या क्लचची माहिती शिकवली जाते. ही प्रक्रिया वगळल्यास नियंत्रक जुन्या, झिजलेल्या क्लचच्या नोंदींनुसार काम करतो आणि नवे ट्रान्समिशनही झटके देते. जुन्या मिनीव्हॅनच्या बाबतीत पुनर्बांधणीचा खर्च वाहनाच्या बाजारभावाइतका होऊ शकत असल्याने अचूक निदानावर अनेकदा वाहन ठेवायचे की मोडीत काढायचे हा निर्णय अवलंबून असतो.

सुधारणा व पुढील आवृत्त्या

उत्पादनाच्या काळात क्रायस्लरने सील, क्लच, सॉलेनॉइड आणि नियंत्रकाची आज्ञावली यांत वेळोवेळी बदल केले. त्यामुळे नंतरच्या वर्षांतील ट्रान्समिशन सुरुवातीच्या आवृत्तीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरले. याच रचनेवर आधारित, इंजिनाच्या उभ्या मांडणीसाठीचे ४२एलई ट्रान्समिशन १९९३ च्या एलएच मालिकेतील मोटारींत वापरण्यात आले. ४१टीई २००० च्या दशकातही मिनीव्हॅनमध्ये वापरात राहिले. त्याच्यापासूनच पुढे सहा गिअरचे ६२टीई ट्रान्समिशन विकसित झाले.