जेजुरीच्या कोंबड्या आणि सायक्लोस्टाइलची शाई

१९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे लघुनियतकालिक निघालं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ हे त्यामागचे तरुण. अंक सायक्लोस्टाइलवर निघे. टंकयंत्राची फीत बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, चित्र हवं तर टोकदार लेखणीने कोरायचं, मग स्टेन्सिल शाईच्या रुळावर ताणून हाताने दांडा फिरवायचा. शाई पसरे, कागदाच्या पाठीवर उमटे. कचेऱ्यांची परिपत्रकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या यंत्रातून आता कविता बाहेर पडत होती, आणि ती कशी दिसावी हे कवीच ठरवत होते.

पुढच्या दशकात अशा अंकांचं पीकच आलं. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं ‘असो’, मग राजा ढाले यांचं ‘येरू’, औरंगाबादेतून भालचंद्र नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांचं ‘वाचा’. नियमितपणाचा आव नव्हताच. म्हणून तर नाव पडलं अनियतकालिक. १९६९ मध्ये ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘मौज’ प्रकाशनाच्या दारात त्यांचंच ‘सत्यकथा’ मासिक जाळलं. पण छपाईच्या बाबतीत ‘मौज’कडे बोट दाखवणं अवघड होतं. तिथली मुद्रणशुद्धी आजही हेवा वाटावा अशी. भांडण होतं ते काय छापायचं हे कोणी ठरवायचं, यावरून.

‘शब्द’मधले कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पोटासाठी जाहिरातीत कला-दिग्दर्शक. कवी आणि मांडणीकार एकाच टेबलावर बसले की काय होतं, ते ‘जेजुरी’त दिसतं. भोरजवळच्या उत्रोलीकरांना जेजुरीचा खंडोबाचा गड काही लांबचा नाही, शेजारच्याच पुरंदर तालुक्यातला. याच गडावरची ही इंग्रजी कवितामाला १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ने काढली. ही संस्था कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघा कवींनी स्वतःच उभी केलेली. पुस्तकांची मांडणी कोलटकरांची. शेवटाकडे, गावातून रेल्वे स्टेशनकडे जाताना, ज्वारीच्या शेतात कोंबड्या उड्या मारताना दिसतात आणि पानावरचे शब्दही वरखाली विखुरतात. तेच शब्द सरळ ओळीत बसवा, नाच तिथेच संपेल. व्यापारी प्रकाशकाच्या जुळाऱ्याने बहुधा ‘चूक’ म्हणून ते दुरुस्त केलं असतं!

पुढच्याच वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालं आणि त्याच १९७७ मध्ये शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला. मुखपृष्ठापासून टंकापर्यंतच्या गोष्टींवर खल करायला प्रासमध्ये वेळ होता. घाई नव्हती, मोठ्या खपाची आशाही नव्हती. आजारी कोलटकरांची ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ ही पुस्तकं २००३-०४ मध्ये इथूनच बाहेर पडली. सप्टेंबर २००४ मध्ये ते गेले.

१९८३ मध्ये शहाण्यांनी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता पुस्तकात न घालता पोस्टर म्हणून छापली. भिंतीवर टांगायची कविता. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात तीच पुन्हा छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. मे २०१५ मध्ये न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकांना मोकळं केलं, कवीवरचा आरोप मात्र कायम ठेवला.

अनियतकालिकांच्या या चळवळीतले बरेच कागद आता अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात जपले जातात. चांगलंच आहे, पण सगळं तिकडेच का जावं? भोर-उत्रोलीकडच्या एखाद्या माळ्यावर स्टेन्सिलवर काढलेला अंक किंवा पिवळं पडलेलं पोस्टर सापडलं, तर रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि त्यावर साल लिहून ठेवा.