बोलका सुधारक आणि विधवेचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात सनातन्यांच्या हाती एक हुकमी अस्त्र होते. सुधारक काय म्हणतो याची छाननी करावयाची नाही. तो स्वतः कसा वागतो एवढेच विचारावयाचे, आणि वाद जिंकला असे समजावयाचे. न्यायमूर्ती माधवराव रानडे या अस्त्राने पुरते घायाळ झाले.

१८७३ साली रानड्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. वय एकतीस, विधवाविवाहाचे ते जाहीर पुरस्कर्ते. आता ते विधवेशीच विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. टीकेची झोड उठली, आणि ती रास्तच होती. याच पत्नीला, रमाबाईंना, त्यांनी शिकविले व पुढे त्या पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या हे खरे. तथापि तेवढ्याने ती माघार पुसली जात नाही.

पण सनातन्यांनी त्यांना दूषण दिले ते कशाबद्दल? त्यांच्याच मते जे धर्म्य होते, नेमके तेच केल्याबद्दल! विधवेशी विवाह केला असता तर बहिष्कार, न केला तर ढोंगीपणाचा शिक्का. रानडे कचरले म्हणून केशवपन होऊन माजघरात दिवस कंठणाऱ्या बालविधवेचे दुःख तिळभरही हलके झाले नाही. चर्चा मात्र तिच्यावरून सरकली आणि रानड्यांवर स्थिरावली.

येशूने शास्त्री-परुश्यांच्या दांभिकतेवर कोरडे ओढले हे आपण नेहमी ऐकतो. मोशेच्या आसनावरून ते जे शिकवितात ते पाळा, असेही त्याने तेथेच बजावले होते (मत्तय २३). ते मात्र आपल्या सहसा ध्यानात राहत नाही.

मग बोलल्याप्रमाणे वागणारा भेटला असता तर? तोही भेटला. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला. येथे ढोंगीपणाचा आरोप करण्यास जागाच नव्हती. तरीही कोकणातील मुरुड या त्यांच्या गावाने बहिष्काराचेच हत्यार उपसले. रानड्यांकडे वीस वर्षे जी कृती मागितली जात होती, ती समोर येताच मागणाऱ्यांनी दार लावून घेतले. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो या बंद दारांच्या बाहेरच.