डर्बीच्या बागेतला बुधवार

‘सार्वजनिक’ या शब्दात ‘सर्व जन’ आहेत. मात्र सर्वांसाठी म्हणून खुल्या केलेल्या जागेत हे सर्व जन नेमके केव्हा जाऊ शकत होते, हा प्रश्न उद्यानांच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. इंग्लंडमधील डर्बी या त्या काळच्या लहानशा गिरणगावातील आर्बोरेटमच्या, म्हणजे वृक्षोद्यानाच्या, निमित्ताने तो विचारण्याजोगा आहे.

हे उद्यान १८४० च्या सप्टेंबरात खुले झाले. नागरिकांसाठी मुद्दाम आखलेल्या इंग्लंडमधील पहिल्या उद्यानांत त्याची गणना होते. देणगीदार जोसेफ स्ट्रट हे कापड-उद्योगातील सधन घराण्याचे. त्यांचे वडील जेडेडाया हे आर्कराइटचे भागीदार. ज्यांच्या श्रमांवर आपली संपत्ती उभी राहिली त्यांच्यासाठी तिचा काही अंश खर्च करावा, ही त्यांची भूमिका होती. ती प्रांजळ होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आराखडा जॉन क्लॉडियस लाउडन यांचा. जागा अवघी ११ एकर. वाटांच्या मधोमध त्यांनी मातीचे उंचवटे घातले. एका वाटेवरच्या माणसाला शेजारच्या वाटेवरचा दिसू नये आणि बाग आहे त्याहून मोठी भासावी, हा हेतू. हजाराहून अधिक जातींची झाडे-झुडपे लावून प्रत्येकाजवळ नावाची पाटी उभारली. करमणुकीला आलेल्या कामगाराने जाता जाता वनस्पतिशास्त्रही शिकावे, ही अपेक्षा त्या पाट्यांमागे होती. (अध्यापकाला हा मोह ओळखीचा वाटेल.)

देखभालीसाठी मात्र प्रवेशशुल्क ठेवावे लागले. रविवार आणि बुधवार हे दोन दिवस तेवढे विनामूल्य. खरी मेख या बुधवारात आहे. दिवसाचे दहा-बारा तास गिरणीत उभ्या असणाऱ्या माणसाला आठवड्याच्या मधला मोफत दिवस काय उपयोगाचा? त्याच्या वाट्याला व्यवहारात आला तो रविवारच. पुढे १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर मोकळीक मिळाली. पण शनिवार हा बागेचा शुल्काचा दिवस होता.

हे शुल्क १८८२ साली रद्द झाले. तोवर स्ट्रट यांना जाऊन अडतीस वर्षे झाली होती आणि लाउडन यांनी लावलेली झाडे चांगलीच वाढली होती.