कंबर धरली की पडून राहा : एका सल्ल्याचा इतिहास

१/
इजिप्तमधील लक्सर येथे १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकी संग्राहकाने एक पपायरस विकत घेतला. इ.स.पू. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या या शस्त्रवैद्यकाच्या पोथीत ४८ प्रकरणे आहेत. शेवटचे प्रकरण मणक्याच्या मुरगळीचे. वैद्य रुग्णाला पाय लांब करून आखडावयास सांगतो. कळ येताच रुग्ण ते झटकन आखडून घेतो. आजार बरा होण्याजोगा आहे, असा निर्वाळा वैद्य देतो. रुग्णाला उताणे निजवावे, असे सांगून तो पुढचा उपाय सांगू लागतो, तोच लेखन वाक्याच्या मध्यावर तुटते.

२/
म्हणजे पाठदुखीवरील अतिप्राचीन लेखी उपचारातून आज हाती उरले आहे ते एवढेच : रुग्णाला निजवा. हा योगायोगच, परंतु एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील वैद्यकाने नेमका हाच सल्ला शिरोधार्य मानला.

३/
भारतीय परंपरेचा भर निराळा होता. ढुंगणापासून मांडी, पोटरी, पावलापर्यंत उतरणाऱ्या कळेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ हे नाव आहे आणि तिची गणना वातविकारांत होते. अशा विकारांवर तेल, स्वेद, बस्ती हे उपाय. मराठी घरांत याचेच साधे रूप रुळले : तेल चोळणे, तापवलेल्या विटेचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक.

४/
आणि उसण भरली की पायाळू माणसाचा शोध! पायांकडून जन्मलेल्या व्यक्तीचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात आजही ऐकू येते. तिला शास्त्रीय आधार नाही. मात्र साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे श्रेय त्या पायाला मिळत राहिले. पुढे खाटेलाही ते असेच मिळाले.

५/
लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने आली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी तर सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा आग्रह धरला. त्यांच्यापुढील रुग्ण मात्र कोण होते? हाडांचा व सांध्यांचा क्षय झालेले, अस्थिभंग झालेले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात असा सांधा स्थिर ठेवणे शहाणपणाचेच होते.

६/
घोटाळा झाला तो पुढे. किडलेल्या हाडासाठीचा उपाय साध्या कंबरदुखीलाही लागू झाला. १९३४ मध्ये बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील गादी फाटून मज्जातंतू दाबला जातो, हे दाखवून दिले. शोध खरा आणि मोलाचा. पण त्यानंतर साध्या दुखण्यातही ‘गादी सरकली’ ही भीती शिरली. मग गादीखाली लाकडी फळी टाकून आठवडेच्या आठवडे निजणे हा शिरस्ता झाला. कमावत्या माणसाची मजुरी बुडे, स्नायू सुकत, आणि उठल्यावर जाणवणारा अशक्तपणा आजाराच्या खाती जमा होई.

७/
१९४७ साली ब्रिटिश वैद्य रिचर्ड अॅशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुमासदार लेख लिहिला. खाट म्हणजे औषध नव्हे, हे बजावूनही शिरस्ता मोडला नाही.

८/
तो मोडू लागला एका साध्या प्रयोगाने. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी टेक्सासमधील २०३ रुग्णांची यदृच्छेने विभागणी केली : काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना सात. दुखणे बरे होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे मात्र ४५ टक्क्यांनी कमी.

९/
मग दोन दिवस तरी का? १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर फिनलंडच्या संशोधकांनी तोही प्रश्न तपासला. एक गट दोन दिवस खाटेवर, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला झेपेल तितके नेहमीचे व्यवहार. सर्वांत चांगला सुधारला तिसरा गट. सर्वांत सावकाश खाटेवरचा. ज्यांना विशेष असे काहीच दिले नव्हते, तेच पुढे निघाले!

१०/
येथे एक भेद विसरता कामा नये. या दोन्ही प्रयोगांतून मज्जातंतूंवर गंभीर दाब असलेले रुग्ण वगळले होते. पायांतील बळ जाणे, जांघेत बधिरता येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे तेव्हाही आणि आजही घरी शेकत बसण्याची नव्हेत. तिथे तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

११/
१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने हा निष्कर्ष थेट दूरचित्रवाणीवर नेला. हिंडते-फिरते राहा, कामावर जा, असे जाहिरातींतून सांगितले गेले. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, पाठदुखीच्या भरपाईचे दावे घटले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती. तिथल्या समजुती जिथल्या तिथेच राहिल्या.