जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार : मूळ आणि भर

जुने यंत्र पुन्हा चालते करणे आणि त्याचे सामर्थ्य वाढविणे ही दोन कार्ये इतिहासाच्या दृष्टीने भिन्न होत. ॲपल कंपनीचा १९८९ सालचा ‘मॅकिंटॉश एसई/३०’ हा मेजावरील संगणक या संदर्भात उद्बोधक आहे. कालांतराने त्याच्या मुख्य फलकावरील कॅपॅसिटरांतून द्रव पाझरतो व तांब्याचे सूक्ष्म मार्ग कुरतडतो. आतील लिथियमची बॅटरी फुटल्यास हानी अधिकच होते. फलक धुऊन काढणे, कॅपॅसिटर व बॅटरी बदलणे हा झाला जीर्णोद्धार. त्यावाचून यंत्र नष्टच व्हावयाचे.

परिवर्धनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या यंत्राच्या आठ खाचांत १२८ मेगाबाइटपर्यंत मेमरी बसते. परंतु रॉममधील मूळ आज्ञावली ८ मेगाबाइटपलीकडील मेमरीचा उपयोग करू देत नाही. ही उणीव १९९१ मध्ये कनेक्टिक्सच्या ‘मोड३२’ या आज्ञावलीने दूर केली. तेव्हा वाढीव मेमरी त्या काळाशी सुसंगतच ठरते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी आजचे मेमरी कार्ड बसविणे हा मात्र उघड प्रक्षेप होय.

प्रक्षेप सर्वस्वी त्याज्य नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त भाग टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत वेगळा दाखविला आहे. जीर्णोद्धारकानेही तोच दंडक पाळावा : काढलेला प्रत्येक भाग जपावा, केलेला प्रत्येक फेरफार दिनांकासह नोंदवावा. अन्यथा यंत्र चालेल, पण त्याची साक्ष नाहीशी होईल.